सामन्याआधीचा नमस्कार

आमच्या माकणीत शाळेचं मैदान आणि मंदिर यांच्यामध्ये एकच कठडा आहे. अकरा वर्षं मी त्या कठड्यावर बसून हरिपाठ ऐकला. आत जाऊन ऐकता आला असता, पण आत मृदंगावर माझे थोरले बंधू शंभूअण्णा असतात आणि अण्णा माझ्याशी बोलत नव्हते.

कारण एवढंसं होतं. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांनी चरण सोडला, आम्ही टाळकऱ्यांनी तो उचलला आणि मृदंगाची लय चढत गेली. माईक नेमका माझ्यापुढं होता. मी म्हणालो, "अण्णा, लय धरा." मंदिरावर चार भोंगे होते. तेरणा धरणाच्या भिंतीवर बसलेल्या चौकीदारालाही ते ऐकू गेलं. अण्णांनी अभंग शेवटपर्यंत वाजवला, महाराजांच्या पाया पडले, मृदंगाला खोळ चढवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं.

त्या दिवशी लय खरंच चढली होती का, याबद्दल गावात दोन मतं आहेत. एक माझं आणि एक बाकी सगळ्यांचं.

मला मंदिरातून कुणी काढलं नव्हतं. पण टाळ घेऊन रांगेत उभं राहायचं तर आधी मृदंगवाल्याच्या पाया पडायचं असतं आणि त्यानं आपल्या पडायचं असतं. एकानं वाकायचं आणि दुसऱ्यानं तोंड फिरवायचं, हे देवासमोर बरं दिसत नाही. म्हणून मी कठड्यावर. लोहाऱ्याला कीर्तन असलं की जाऊन उभा राहायचो, परक्या गावात लोक कौतुकही करायचे. पण ज्या गावात टाळ धरायला शिकलो तिथंच भिंतीपलीकडून ऐकत मरायचं, हे मनाला लागायचं. बायको, सिताबाई, म्हणायची, "जाऊन माफी मागा की." मी म्हणायचो, "मागतो, पण ऐकायला समोर कुणीतरी पाहिजे ना." मी त्यांच्या दारात गेलो की अण्णा मागच्या दारानं शेताला जात.

पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर माझं कठड्यावरचं बसणं वाढलं. एक दिवस मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम येऊन उभ्या राहिल्या. शाळेला वरून सहा फुटबॉल आले होते. शिकवणारा कुणी आला नव्हता.

"काका, तुम्ही रोज इथं बसताच. मुलींकडं जरा बघाल का?"

"मॅडम, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"इथं कुणालाच कळत नाही. पण तुमच्याकडं वेळ आहे."

हे खरं होतं.

पहिले आठ दिवस मी मोबाइलवर बघून शिकवायचा प्रयत्न केला. मोबाइलवरची माणसं फार वेगानं पळत होती, त्यामुळं काही हाती लागलं नाही. मग मला जे येत होतं तेच केलं. टाळकऱ्यांची रांग लावली. मुलींना सांगितलं, चेंडू म्हणजे चरण. एकीनं म्हटला की दुसरीनं उचलायचा. आपला गळा किती गोड आहे हे दाखवायला धरून ठेवायचा नाही. पुढचीनं पाऊल टाकलं की मागचीनं टाकायचं, मध्ये खड्डा पडू द्यायचा नाही. महिन्याभरात माझ्या अकरा जणी मैदानभर अशा पुढं-मागं होऊ लागल्या की मला हातात टाळ नसल्याची लाज वाटायची.

त्यांच्यात सगळ्यात चांगली खेळायची निकिता. ही अण्णांची नात. तिचा बाप वैजनाथ ढोकीच्या कारखान्यावर नोकरीला, आणि पोरगी शिकायला आजोबांकडं. मला तात्या म्हणायची. मोठ्यांचं बोलणं बंद असलं तरी पोरांचं चालू असतं, तसा नियमच आहे.

निकितामध्ये एकच खोट होती. ती फार चांगल्या वळणाची होती. कुणाला पाय लागला की वाकायची, त्या माणसाला हात लावायची आणि तो हात आपल्या छातीला लावायची. हे आपण सगळेच करतो. पण फुटबॉल हा असा खेळ आहे की त्यात पाय लागतोच. तिचं बघून बाकीच्याही करू लागल्या. सरावात मला ते आवडायचं. डोळे भरून यायचे.

मग तालुक्याची स्पर्धा आली. चार शाळा, तीन शनिवार, लोहाऱ्याच्या मैदानावर. पहिल्या शनिवारी आम्ही पाच-शून्यनं हरलो. पाचातले तीन गोल निकिता वाकलेली असताना झाले. ती नमस्कार करायची आणि जिला नमस्कार केला ती पोरगी चेंडू घेऊन पुढं जायची. पंचांनी खेळ थांबवून मला विचारलं, "तिचं काही पडलंय का? केव्हाची शोधतेय."

जीपमध्ये मी निकिताला म्हणालो, "बाळा, मैदानात नमस्कार नको करू."

"आजोबांनी सांगितलंय, तात्या. पाय लागला की करायचा."

"पण हा खेळ आहे."

"मग आजोबांना विचारा. ते नको म्हणले की न्हाय करत."

मागच्या सीटवरून गोलरक्षक मोनिका म्हणाली, "तात्या, विचारा की. घाबरता व्हय?" जीपमधल्या सगळ्या पोरी खिदळल्या. ड्रायव्हरही हसला. तोही माकणीचाच.

मी मंजुषा मॅडमना म्हणालो, तुम्ही विचारा. त्या म्हणाल्या, हा घरगुती विषय आहे. मग सिताबाईला पाठवलं. तिचं आणि मोठ्या वहिनींचं, कडूबाईंचं, कधीच काही बंद नव्हतं. दोघी रोज भिंतीवरून भाजीच्या वाट्या बदलायच्या. सिताबाई वाटी घेऊन गेली आणि निरोप घेऊन आली.

"भावजी म्हणाले, ज्याचं काम हाय त्यानं यावं."

"असं म्हणाले? नक्की?"

"मी काय मनानं सांगते का?"

त्या संध्याकाळी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. अण्णा ओसरीवर मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत बसले होते. या वेळी ते मागच्या दारानं गेले नाहीत. हात कणकेनं भरलेले होते, म्हणूनही असेल. निकिता खांबाला टेकून उभी होती.

मी म्हणालो, "अण्णा, नमस्कार."

अण्णा मृदंगाला म्हणाले, "निकिता, इचार त्येंना काय काम हाय."

निकितानं मला विचारलं. मी निकिताला सांगितलं. पाय लागतो, पोरगी वाकते, गोल होतो, सगळं सविस्तर. निकितानं ते आजोबांकडं वळून पुन्हा सांगितलं. मी त्यांच्यापासून दोनच हातांच्या अंतरावर बसलो होतो, त्यामुळं त्यांना दोनदा ऐकावं लागलं.

अण्णांनी कणकेवर अंगठा फिरवला. थाप मारून बघितली. पुन्हा थोडं पाणी लावलं. मग ते म्हणाले, "निकिता, सांग त्येंना. कीर्तनात पावली खेळताना एकमेकाच्या पायावर पाय पडतो का न्हाय?"

"पडतो," मी निकिताला म्हणालो.

"मग तवा कुणी वाकत बसतं का?"

"नाही."

"का न्हाय?"

लहानपणीही अण्णा असंच विचारायचे.

"कारण उभं राहायच्या आधीच सगळ्यांनी सगळ्यांच्या पाया पडलेलं असतं," अण्णा मृदंगाला म्हणाले. "पुढं जे लागंल त्येचं आधीच होऊन जातं. तसंच करा म्हणावं. आधी समोरच्या पोरींच्या पाया पडा, मग खेळा. मधी वाकायचं काम न्हाय."

एवढं बोलून त्यांनी मृदंग आडवा घेतला. माझं काम झालं होतं. मी आणखी थोडा वेळ बसलो. कडूबाई वहिनींनी चहा दिला. अण्णांनी बोलावलं नाही आणि उठवलंही नाही.

दुसऱ्या शनिवारी अण्णा जीपपाशी येऊन उभे राहिले. कुणाला काही न बोलता ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागं पोरींच्यात बसलो. आपण सांगितलेलं बरोबर होतंय का, हे बघायला ते आले असणार, असं मी धरून चाललो.

सामना सुरू व्हायच्या आधी माझ्या अकरा जणी ओळीनं पलीकडं गेल्या आणि समोरच्या संघाच्या पाया पडू लागल्या. त्यांचे शिक्षक रणधीर सर धावत आले. "हे काय चाललंय? ही काय नवी युक्ती?"

"काही नाही सर. पुढं पाय लागतील त्याबद्दल."

"अजून लागले कुठं?"

"लागतील."

त्यांच्या पोरीही चांगल्या घरच्या. कुणी पाया पडलं की गप्प उभं राहणं त्यांना जमेना. त्याही वाकल्या. दोघी एकाच वेळी वाकल्यानं दोन जोड्यांची डोकी आपटली. बावीस जणींचा हा कार्यक्रम नऊ मिनिटं चालला. पंच घड्याळाकडं बघत होते. शेवटी मोनिका त्यांच्याही पाया पडली, तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवली.

आणि मग माझ्या पोरींनी जे काही केलं ते मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मनावरचं ओझं एकदम उतरल्यासारख्या त्या खेळायला लागल्या. ढकलाढकली, पायात पाय, कोपर. एकही जण वाकली नाही. पहिल्या अर्ध्या तासात आम्हाला तीन पिवळी कार्डं मिळाली. त्यातलं एक निकिताला. ती कार्डाकडं बघून पंचांना शांतपणे म्हणाली, "सर, त्यांना आधीच नमस्कार केलाय." पंचांनी माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

एक गोल त्यांनी केला, एक निकितानं. मध्यंतरानंतर ती पुन्हा एकीवर धावून गेली आणि पंचांचा हात खिशाकडं गेला. गेला आणि परत आला. मी घाबरलो. दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि पोरगी मैदानाबाहेर. मी तिला बोलावून घेतलं आणि तिच्या जागी बाहेर बसलेल्या राखीव पोरीला पाठवलं.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"ए उत्तरेश्वर! पोरीला का काढलंस?"

मी वळलो. मध्ये निकिता नव्हती, मृदंग नव्हता. अण्णा माझ्याच तोंडाकडं बघत होते.

उत्तर तर द्यायला हवं. म्हणालो, "अण्णा, तिला एक कार्ड झालंय. दुसरं झालं तर तिला बाहेर काढतील."

"म्हणून त्येंनी काढायच्या आधी तूच काढलीस?"

"तिला काढलं तर दहा जणींत खेळावं लागतं, अण्णा."

"मग खेळा की धा जणींत! ती चांगली खेळत हुती. तुला अक्कल कधी आली का?"

"तुम्हाला हा खेळ कळत नाही."

"आन तुला कळतो व्हय? जन्मभर कालव्याचं पाणी मोजलंस!"

"पाणी मोजलं, पण कुणाचं चोरलं नाही!"

"मी चोरलं म्हणतोस?"

"तुम्ही म्हणालात, मी नाही!"

माझ्या ओठांवर आणखी एक वाक्य आलं होतं, तेच जुनं, तीन शब्दांचं. ते मी गिळलं. त्याच्याऐवजी अण्णांच्या शेताला कालव्याचं पाणी नेणाऱ्या चारीबद्दल बोललो. ते माझ्या सासऱ्यांबद्दल बोलले. चाळीसेक माणसं मैदानाकडं पाठ करून आमच्याकडं बघत होती. मंजुषा मॅडम दोनदा "काका" म्हणाल्या. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट चालली होती. अण्णांचा आवाज थोडा जाड झालाय. अकरा वर्षांत तेवढं होणारच.

मागं एकदम आरडाओरडा झाला. आम्ही वळून बघितलं तर पोरी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या. आम्ही जिंकलो होतो. गोल कसा झाला हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. मोनिकानं केला म्हणतात. पण मोनिका गोलरक्षक, ती तिथवर गेली कशी, हे मला आजतागायत कुणी नीट सांगितलेलं नाही. अण्णा म्हणाले, "तुझ्यामुळं बघायचं राहिलं." मी म्हणालो, "तुमच्यामुळं."

परतताना अण्णा पुढं बसले नाहीत. मागं आले, आमच्यात. माकणी येईपर्यंत सगळा संघ त्यांनी पुन्हा लावला. कुणी कुठं उभं राहायचं, कुणाची उंची कुठं कामाला येते. बहुतेक चुकीचंच होतं, आणि मी ते एकेक करून त्यांना सांगितलं. पोरी झोपल्या.

घरी आल्यावर सिताबाईनं ताट वाढलं. आमच्या भांडणाची बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती. तालुक्याच्या गावात, चारचौघांत. तिनं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, रडतेय.

"जीपमधनं उतरताना भावजी काहीतरी म्हणाले म्हणं तुम्हाला."

"व्हय. मंगळवारी सप्ताह बसतोय. म्हणाले, टाळ घेऊन ये, उजव्या रांगेत एक माणूस कमी हाय."

सिताबाईनं तुपाची वाटी ओढली. भाकरीवर तूप घातलं. पुन्हा घातलं.

"आणखी म्हणाले," मी सांगितलं, "येत्या शनिवारी मोनिकाला पुढं खेळव."

"मग?"

"मंगळवारी जाणार आहे," मी म्हणालो. "मोनिका गोलमध्येच उभी राहील."