शेपटीवाल्या माशीचे मुलगे

आमचे हे धुळ्याच्या शेतकी फार्मवर कारकुनाच्या वरचे आणि साहेबाच्या खालचे. चौतीस साली त्यांच्याकडे काम आलं ते कपाशीच्या बोंडअळीवर जगणाऱ्या, तिळाएवढ्या गांधीलमाश्यांच्या जाती ठरवायचं. ऑफिसच्या पत्र्याखाली अळ्या उकडून मरत, म्हणून बरण्या आमच्या घरात. अळ्यांना भेंडी मी घालायची, बरणीच्या तोंडाला मलमलीचं फडकं मी बांधायचं, आणि भिंगातून बघून हुशार मात्र हे व्हायचे!

यांच्या मते जाती दोन. एक लांब शेपटीची, दुसरी बिनशेपटीची. शेपटीवालीला शेपटीवालीच पिल्लं होतात याची खात्री करायला यांनी नुकतीच कोषातून निघालेली एक शेपटीवाली एकटीच अळ्यांसोबत बरणीत सोडली. पिल्लं निघाली ती झाडून सगळी बिनशेपटीची.

"बठ्ठं काम वाया गयं!" सगळं काम वाया गेलं म्हणून हे ओरडले. "बाहेरन्या माश्या आत शिरन्यात. फडकं कोन सोडं?"

"मी सोडं नही, तुमनी आन!"

ऐकतंय कोण? सासूबाईंनी मुलाचीच बाजू घेतली. यांनी अबोला धरला. मी ठणकावून सांगत होते खरी, पण हळूहळू मलाच शंका येऊ लागली. घाईत गाठ सैल राहिली असेल का?

यांनी तोच प्रयोग पुन्हा केला. फडकं स्वतः बांधलं, बरणी जाळीच्या कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेच्या कडदोऱ्याला अडकवली. पिल्लं निघायची वेळ झाली तसं कपाट उघडलं आणि यांनी भिंग लावलं. पुन्हा सगळी बिनशेपटीची.

पुण्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी दोन्ही बरण्या पाहिल्या आणि हसले. "अहो अभिमनराव, जात एकच. शेपटी ही मादीची अंडी घालायची नळी, बिनशेपटीचे ते नर. नराशी गाठ पडली नाही, तर या मादीला फक्त नरच होतात."

"दादला नही, तरी बठ्ठा पोऱ्याच?" सासूबाई आमच्या तिघी मुलींकडे बघत म्हणाल्या. माशीला नवऱ्यावाचून सगळे मुलगेच, आणि मला मात्र या तिघी!

यांच्या दोन जातींची एक झाली, पण त्याचं यांना काही वाटलं नाही. उठून उभे राहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, "साहेब, मी बायकोवर उगीच आळ घेतला. तिची गाठ पक्की होती."

मी चहाचा ट्रे तिथेच ठेवला आणि आत जाऊन पोटभर रडले. किती हलकं वाटलं! माश्यांच्या जाती एक असोत की दहा, माझ्या हातून काही चुकलं नव्हतं.