नंदूचं निळं फूल

बैहरकडे जाणारी सकाळची मोटर बालाघाटच्या स्टँडवरून सुटायची तेव्हा तिच्यात तांदळाची पोती असायची, पाय बांधलेल्या कोंबड्या असायच्या, आणि पावसाळ्यातल्या रविवारी पालापाचोळा मंडळही असायचं. हे नाव मंडळाने स्वतः घेतलेलं नव्हतं, गावाने दिलं होतं. चांगली शिकलीसवरली माणसं सुट्टीच्या दिवशी पहाडात जातात, गवतात गुडघे टेकून बसतात आणि संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्रांत पाला भरून घरी आणतात, याला गावाने दुसरं म्हणावं तरी काय? यांना कुणी पगार देत नव्हतं की कुणी शाबासकी देत नव्हतं. दुर्मिळ रानफुलं कुठे उगवतात ते पाहायचं आणि त्यांची नोंद नागपूरच्या जाणकारांकडे पाठवायची, एवढाच यांचा उद्योग. बरं, त्यातून चिखलाशिवाय हाती काय लागतं, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं, की प्रभाकरराव तास घ्यायचे.

सन अडुसष्टच्या भादव्यात मंडळात तिघंच उरली होती. एक हे प्रभाकरराव. ट्रेझरीतून निवृत्त झालेले. झाडांची लॅटिन नावं त्यांना मुखोद्गत होती आणि नातवंडांची नावं हमखास चुकायची. दुसरी शीला, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी, जबलपूरची, मराठीत सुरू करून हिंदीत संपवणारी. आणि तिसरी अलकनंदा, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. पन्नाशीला टेकली होती, पण पहाड चढताना दोघांच्या पुढे असायची. तिला घाई होती. बाकीचे फुलं शोधायला जात, ती एकच फूल शोधायला जायची.

मंडळ काढलं होतं तिच्या थोरल्या भावाने, नंदकिशोरने. घरात तो नंदू. त्याने मंडळाला एकच नियम घालून दिला होता: जिथं थोडकीच झाडं असतील तिथं हात लावायचा नाही. डोळे भरून पाहा, नाव टिपा आणि पुढे चला. आपोआप गळलेलं, मोडून पडलेलं उचललं तर चालेल. नऊ वर्षांमागे अशाच भादव्यात टोपल्या नावाच्या पहाडावर तो मागे राहिला, धो धो पावसात सापडला आणि फळ्या सदऱ्याखाली धरून भिजत खाली आला. फळ्या म्हणजे फुलं दाबून वाळवायच्या दोन लाकडी पाट्या, मधे वर्तमानपत्रं, वरून चामडी पट्टे. घरी आल्यावर त्याला ताप भरला, छाती भरली, आणि आठवडा उलटायच्या आत नंदू गेला.

तेरवी झाल्यावर प्रभाकररावांनी त्या फळ्या उघडल्या. आत कागदांच्या मधे एकच तुरा होता. मूळ नाही, पान नाही, चुरगळून एकमेकांत मिसळलेल्या पाकळ्या, आणि रंग निळा. नीळ घातलेलं धोतर ओलं असताना जसं दिसतं तसा. प्रभाकररावांनी जाडजूड पुस्तक उलटंपालटं केलं, निळ्या फुलांचं पानन् पान चाळलं. कुठे जुळेना. नागपूरच्या जाणकारांनी कळवलं, ताजं दाखवा, मग बोलू. तेव्हापासून दर भादव्यात अलकनंदा टोपल्या पहाडावर जात होती. भावाने शेवटचं जे पाहिलं ते तिला एकदा जिवंत पाहायचं होतं.

आणि तिच्यापेक्षाही ते जिजाबाईंना हवं होतं. जिजाबाई म्हणजे तिची आई. ऐंशीच्या घरातली, मुठीएवढी झालेली बाई. तिला नाव-गाव नको होतं, तोडून आणलेलं फूलही नको होतं.

"ते उभं कसं राह्यते तेवढं पाहून ये," ती दरवर्षी सांगायची. "कागदातलं आडवं हाय. नंदूलेही मी शेवटी आडवाच पाह्यला. आडव्या माणसावरून काय समजते, बाई?"

दरवर्षी अलकनंदा हात हलवत परत यायची. यंदा मात्र आईने अंथरूण धरलं होतं. डॉक्टर निघताना उंबऱ्यात थांबून हळू आवाजात बोलले होते, आणि म्हातारीचे कान नको तेव्हा तिखट. रविवारी पहाटे अलकनंदा चपला घालत होती तेव्हा ती आतून म्हणाली, "अलका, पुढचा भादवा मले काही दिसत नाही. आज भेटलं तं भेटलं."

तिघे मोटारीतून उतरले तेव्हा पहाडावर ढग बसला होता. सरईच्या, म्हणजे सालवृक्षांच्या, जंगलात शिरलं, की आधी रस्त्याचा आवाज मागे राहतो, मग मोटारीचा धूर, मग आपण कोण आणि उद्या शाळा आहे हेही. खाली ओला पाला, वर टप टप थेंब, आणि मधे ढग पाहुण्यासारखा झाडाझाडांतून हिंडत होता. माणूस दहा पावलं पुढे गेला, की नुसता आकार उरायचा. अलकनंदाला ही वाट स्वप्नातही यायची. कधी कधी तर तिला कळेना, की ओढ्यावरचा हा आडवा ओंडका तिने खरा पाहिलाय की झोपेत.

"ताई, धीरे चलिये ना," मागून शीला म्हणाली. "फूल कुठे पळून नाही जाणार."

"नऊ वर्षं पळूनच राह्यलं ना ते," अलकनंदा म्हणाली.

ओढा ओलांडून वर गेलं, की एक उतार लागायचा. तिथे सरईखाली, काळ्या ओल्या मातीत गुडघाभर उंचीची पांढरी फुलं उभी असायची. मंडळाची शिदोरी दरवर्षी तिथेच सुटायची, म्हणून अलकनंदाने त्या जागेला पंगत नाव ठेवलं होतं. ती फुलं फार नव्हती, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना कुणी कधी बोट लावलं नव्हतं. पहिल्याच वर्षी प्रभाकररावांनी लांबून पाहून नाव सांगितलं होतं आणि पुस्तकात खूण करून टाकली होती. ओळखीच्या माणसाकडे कोण टक लावून बघतो?

पण अलकनंदा बघायची. दर वर्षी भाकरी सोडता सोडता तिचं लक्ष तिकडे जायचं. खाली चुण्याचुण्यांची रुंद पानं, मधून एकच सरळ दांडी, आणि टोकाला पांढऱ्या फुलांचा घोस. प्रत्येक फूल हात पसरून उभं, मागे बारीकशी शेपटी. वारा आला, की पानं हलत, दांडी हलत नसे, नुसती फुलं मान डोलवत. त्यांच्यात बसलं, की तिला उगाच बरं वाटायचं, भूक लागायची आणि नंदूची आठवण येऊनही रडू यायचं नाही. याचा तिला थोडा रागच यायचा. आपण कशाला आलो आणि इथे काय पसरून बसलो, असं वाटायचं.

आजही तसंच झालं. भाकरी, ठेचा, वर शीलाने आणलेलं लोणचं. ढग त्यांच्यातच येऊन बसला. प्रभाकरराव कुठल्याशा शेवाळाबद्दल बोलत होते आणि त्यांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. अलकनंदाचे डोळे मिटले. मग आईचं बोलणं आठवून ती दचकून उठली, छत्री शोधायला वळली, आणि पायाखाली काहीतरी मऊ दबलं.

पांढरा एक तुरा दांडीपासून मोडून चिखलात पडला होता. वर तिच्या टाचेची खूण.

"अरे देवा!" ती खाली वाकली. नऊ वर्षं ज्या नियमाचा तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळ केला, तो तिच्याच पायाने मोडला होता.

"असू द्या वो, अलकाबाई," प्रभाकरराव म्हणाले. "मुद्दाम थोडीच केलं तुम्ही? मोडलंच हाय तं उचला, वाळवून ठेवू. आपल्याजवळ याचा नमुना नाहीच."

फळ्या शीलाच्या पाठीवर बांधलेल्या होत्या, आणि त्या उतरवून उघडत बसावं इतका धीर अलकनंदाला नव्हता. तिने तुरा ओल्या रुमालात गुंडाळला, पिशवीत टाकला आणि सगळ्यांना वर हाकललं.

दुपारभर ते हिंडले. घळीत उतरले, माथ्यावर चढले, बांबूच्या बेटात शिरले. निळं शोधणाऱ्याला निळ्याचा तोटा नसतो. गवतात टिकलीएवढी निळी फुलं होती, डबक्यात आभाळाचा तुकडा होता, धुक्यात दूरची झाडं सगळीच निळी होती. दोनदा ती धावत गेली, दोनदा जवळ गेल्यावर निळेपण विरून गेलं. ढग दाट झाला तसं तिला वाटू लागलं, की नंदू इथेच पुढच्या झाडाआड वाकून बसलाय आणि ती पोचण्याआधी उठून पुढे जातोय. तिने हाकसुद्धा मारली असती. प्रभाकरराव बरोबर नसते तर मारलीच असती.

मोटारीची वेळ होत आली. प्रभाकररावांनी घड्याळाकडे पाहिलं आणि ते परत खिशात टाकलं. भला माणूस.

अलकनंदा दगडावर बसली. आता घरी जाऊन आईला काय सांगायचं? खोटं सांगावं का, की भेटलं, असं असं होतं? म्हातारी सुखाने डोळे मिटेल. खोटं जुळवायला सुरुवातही केली तिने. मग डोळे पुसायला पिशवीतून रुमाल काढला.

रुमाल निळा झाला होता.

सगळा नव्हे. जिथे टाच पडली होती तिथली फुलं निळी झाली होती, आणि त्यांचा डाग कापडावर उतरला होता. कडेची न चिरडलेली फुलं अजून पांढरी होती. अलकनंदाने एक पांढरं फूल बोटांत धरून चुरडलं. काही झालं नाही. ती बघत राहिली. हळूहळू, जखमेभोवती कातडी काळीनिळी पडते तशी, पाकळीच्या कडेने निळाई चढत आली.

"प्रभाकरराव," ती म्हणाली. "शीला, इकडे ये गं."

शीलाने फूल उलटसुलट करून पाहिलं. "नील है, ताई. याच्या रसात नीळ असते. जिंदा असते तोवर दिसत नाही. कुचला, हवा लागली, तो बाहर आती है." आणि मग तिने स्वतःच तोंडावर हात ठेवला.

प्रभाकररावांनी चष्मा काढला. "निळ्या फुलांची पानं चाळत बसलो मी," ते म्हणाले. "अन् जेवायले मात्र त्याच्याचजवळ बसलो. एकदा कुणी एक तोडून पाह्यलं असतं..."

"कसं तोडणार? त्याचाच नियम होता ना," अलकनंदा म्हणाली. "त्यानंही तोडलं नसंल. पावसानं मोडलेलं उचललं असंल." आणि त्या ओल्या जंगलात ती आधी हसली आणि मग लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. शेजारच्या शांताबाई आईजवळ बसल्या होत्या, त्या उठून गेल्या. आई तिच्या चेहऱ्याकडे बघत होती.

"भेटलं, आई."

"उभं होतं?"

"उभं होतं." आणि अलकनंदा सांगू लागली. काही जुळवावं लागलं नाही. पानांच्या चुण्या, सरळ दांडी, वारा आला की काय हलतं आणि काय हलत नाही, ऊन तिरपं आलं की फुलं कशी आतून उजळतात, सगळं नऊ वर्षं साठलेलं होतं. ती कधी इतकं बोलली नव्हती.

"हात पसरते म्हणतेस. किती पसरते? उभी राहून दाखव."

पन्नाशीची भूगोलाची बाई खोलीच्या मधोमध उभी राहिली, हात थोडे पसरले, मान किंचित कलती केली. आई खुदकन हसली. "नंदूही असाच उभा राहे दारात," ती म्हणाली. "अन् निळं कसं दिसे ते, एवढ्या हिरव्यात?"

"निळं नाही, आई. पांढरं असते ते. मेल्यावर निळं होते." अलकनंदाने रुमाल तिच्या हातात दिला आणि शीलाने सांगितलेलं सगळं सांगितलं.

आईने रुमाल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ तिची बोटं त्या डागावरून फिरत राहिली.

"मंग निळं नंदूनं पाह्यलंच नाही," ती म्हणाली. "तो इथं तापानं फणफणून राह्यला होता, आपण दोघी उशाशी बसून होतो, अन् हे तिकडे फळ्यांत निळं होऊन राह्यलं होतं."

अलकनंदाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. भावाच्या डोळ्यांनी पाहायचं म्हणून ती ज्या रंगामागे फिरली, तो भावाच्या डोळ्यांना कधी दिसलाच नव्हता.

"हौ, आई," ती म्हणाली. "त्याले पांढरंच माहीत होतं."

"उद्या सकाळी त्या प्रभाकररावाले बोलाव," आई म्हणाली. "कागदातलं आण म्हणा. मी त्याले दाखवतो, नंदूले. मी तं आता जाऊनच राह्यली तिकडं. माझ्यासंगं ठेवून देजो."