रत्नव्वांनी निवडलेलं जाकीट

मित्रांनो, मी एक निळं, विटलेलं जाकीट आहे. पण मला घालून कुणी लग्नाला गेलेलं ऐकलं नाही. मी पाणबुड्यांचं जाकीट! माझ्या पाठीला हवेची टाकी बांधायची आणि बटण दाबायचं, की माझं पोट अन् कुशी टम्म फुगतात आणि माणूस तरंगतो. हवा सोडली की तो अलगद खाली जातो. काम एवढंच, पण त्यावर कुणाचा तरी जीव असतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यातला. पुढे गोव्यात पर्यटकांची सेवा केली आणि खाऱ्या पाण्यात रंग घालवला. २००४ साली दत्तप्रसाद नावाच्या शिक्षकाने मला कोल्हापुरात आणलं. राजारामपुरीजवळच्या एका तलावात तो पाण्याखाली पोहायला शिकवायचा. माझी काय ऐट होती तिथे! मग एक नवं, काळं, चकचकीत जाकीट आलं. त्याची हवा फक्त पाठीवर फुगायची, छाती एकदम मोकळी. झालं, मी खुंटीला लटकलो. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

त्या वर्गात सौंदर्या होती, गडहिंग्लजच्या धान्य व्यापाऱ्याची मुलगी. सगळा वर्ग मालवणला समुद्रात उतरणार होता आणि तिची आई रत्नव्वा काही केल्या तिला सोडायला तयार नव्हत्या. एका रविवारी त्या थेट तलावावरच आल्या.

"हिरीला काठ हाय, तळ हाय. समुद्राला काय हाय?"

"अव्वा, जाकीट असतंय की!"

"मग आधी मी घालून बघणार. पटलं तर जा, न्हाय तर विषय संपला."

रत्नव्वा साध्यासुध्या नव्हत्या बरं का. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्यांनी माहेरच्या विहिरीत निम्म्या गल्लीला पोहायला शिकवलं होतं. आम्हा दोघांना उलटंपालटं करून त्यांनी काळ्यावर बोट ठेवलं. "ह्येच! आमच्या डब्यागत पाठीवर हाय."

"काकू, पाण्याखाली आडवं पोहायला ते भारी आहे," दत्तप्रसाद म्हणाला. "पण वर आल्यावर मागं रेलावं लागतंय. सवय लागते त्याला."

ऐकतंय कोण! पंजाबी ड्रेसवरच त्या पाण्यात उतरल्या. बटण दाबलं आणि पाठीवरची हवा त्यांना पुढे ढकलू लागली. नाक पाण्यात! आता विहिरीत पोरगं गटांगळ्या खायला लागलं की रत्नव्वा काय करायच्या? मोठा डबा बांधायच्या. इथेही त्यांनी तेच केलं. "आनी भर हवा!" जसजशी हवा वाढली, तसतसं तोंड आणखी खाली. शेवटी दत्तप्रसादने त्यांना धरून काठाला आणलं. खोकून खोकून त्या लालबुंद झाल्या. सौंदर्याला रडूच फुटायचं बाकी होतं. मालवण गेलंच होतं.

दत्तप्रसादने मला खुंटीवरून काढलं. "डबा पोहणाऱ्याला असतो, काकू. तोंड पोहणारा स्वतः वर धरतो. समुद्रातून वर आलेला माणूस दमलेला असतो. त्याला हवा पोटाशी पाहिजे, कुशीत पाहिजे. एकदाच घाला."

रत्नव्वांनी तोंड वाकडं केलं, पण घातलं. मी जीव तोडून फुगलो, मित्रांनो! त्यांना चहूबाजूंनी कवेत घेतलं. मान पाण्याबाहेर, अंग ताठ, हात मोकळे.

"अयय्यो! खुर्चीत बसल्यागत वाटतंय की!"

मग काय, तलावाच्या मधोमध हाताची घडी घालून त्या काठावरच्या बायकांशी गप्पा मारत बसल्या. दत्तप्रसाद हाका मारून थकला. "थांब की जरा!" म्हणून त्यांनी त्यालाच गप्प केलं. सौंदर्या काठावर अक्षरशः नाचत होती. मला तर आकाश ठेंगणं झालं.

पुढच्या महिन्यात मालवणला सौंदर्या मलाच घालून उतरली. रत्नव्वा होडीत बसून पाण्यावरचे बुडबुडे बघत होत्या. पोरगी वर आली, मी फुगलो, आणि तिचं हसरं तोंड लाटांवर डुलायला लागलं.

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला समुद्रातून आणलंत की गोड्या पाण्यात धुवा, आतलं पाणी काढा, सावलीत वाळवा. मीठ साचलं की बटण अडकतं, आणि वर होडीत कुणाची तरी आई वाट बघत असते.

त्या दिवशी मात्र मला वाळायला कुणी सवडच दिली नाही. सौंदर्या होडीत चढते न चढते, तोच रत्नव्वा ओढणी खोचून उभ्या राहिल्या.

"काढ ते जाकीट. मासं मलाबी बघायचं हायत."