विहिरीवरच्या इंजिनाची गाडी

युद्धामुळे पेट्रोल मापून मिळू लागले, तेव्हा लोणावळ्याच्या नसीर मिस्त्रीने औंढ्याच्या हौशीरामआबांच्या विहिरीवरचे इंजिन उचलून मोटारगाडीत बसवले. या इंजिनाचा चाकांशी काही संबंध नव्हता. ते एकाच चालीने फिरे, कारण त्या चालीत ते सर्वांत कमी तेल पिई. त्याने डायनामो फिरवून बॅटऱ्या भरायच्या आणि बॅटऱ्यांवरच्या विजेच्या मोटरने चाके ओढायची. युक्ती इतकी सरळ होती की विद्वानांना ती सुचणे शक्यच नव्हते.

वडगावपर्यंत उतारू नेण्याचा परवाना मिळाला तर नसीरचे दुकान तगणार होते. नाहीतर गाव सोडून मुंबईच्या कारखान्यात जाणे आलेच. तपासणीच्या साहेबांनी गाडी पाहण्यापूर्वीच गणित मांडले होते: पाच घोड्यांच्या इंजिनाने खंडाळ्याचा चढ चढणे अशक्य. निकाल आधी ठरलेला असला की तपासणी फार निर्मळ मनाने करता येते.

खंडाळ्याहून गाडी निघाली. चढ लागला, तोच इंजिन सांभाळायला मागे बसलेल्या आबांनी बॅटरीचा काटा पाहून इंजिन बंद केले. नसीरने गाडी चालवता चालवताच मान मागे वळवली.

“आबा, हे काय केलंत?”

“भरलं न्हवं? टाकी भरली की आमी विहिरीवरबी बंदच करतो.”

साहेबांची मुद्रा उजळली. मांडीवर फॉर्म घेऊन त्यांनी लिहिले, ‘चढावर इंजिन बंद पडले, सबब वाहन निकामी.’ निकामी वाहन चढतच होते, आणि धडधड थांबल्यामुळे आता झाडीतले बुलबुलही ऐकू येत होते. पुढचा रकाना शेजारी बसलेल्या नसीरनेही वाचला: ‘वाहन थांबल्याचे ठिकाण’. साहेब पेन उचलून बाहेर पाहत राहिले. एक वळण गेले, दुसरे गेले, लोणावळ्याचा बाजार आला.

“गाडी थांबव.”

“मी थांबवली तर ते बंद पडणं कसं होईल, साहेब? तिची ती थांबू द्या,” नसीर अदबीने म्हणाला. आतून त्याला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या.

रकाना मोकळा सोडणे साहेबांच्या लेखी पाप. आणि खोटे ठिकाण लिहावे तर साक्षीदार म्हणून अंगठा आबांचा लागणार. कार्ले गेले. आबांनी इंजिन पुन्हा सुरू केले आणि ते बांधावरच्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला, साहेबांकडे बोट दाखवून, पाहुणे म्हणून सांगत सुटले. कामशेतही गेले.

वडगावला कचेरीच्या दारात नसीरने ब्रेक दाबला. पंचवीस वर्षांच्या सवयीने साहेबांनी रकाना भरला: ‘कचेरीसमोर’. मग त्यांनी वरची ओळ वाचली, बराच वेळ वाचली, कागद फाडला आणि परवान्याचा फॉर्म मागवला.

सही वाळायच्या आत आबांनी दोन उतारू आणून बसवले होते.