न घातलेल्या सांब्राणीचा वास

मी एक जुना हीटर आहे, मित्रांनो. मोटारीतला. आणि राहतो कुठे, तर तंजावूर जिल्ह्यात! हसा खुशाल. जिथे मार्गशीर्षातसुद्धा लोक पंखा लावून झोपतात, तिथे मला कोण विचारणार?

उटीच्या एका चहामळ्यातल्या साहेबांनी मला आपल्या गाडीत मुद्दाम बसवून घेतलं होतं. इंजिनाचं कढत पाणी माझ्या नळ्यांतून फिरे, माझा पंखा बाहेरची हवा ओढे आणि ती ऊबदार होऊन साहेबांच्या पायांशी येई. येईल त्या पाहुण्यापुढे ते माझी तारीफ करत. मग देशात नव्या गाड्यांचा सुकाळ झाला. साहेबांनी चकचकीत नवी गाडी घेतली आणि आमची जुनी गाडी तंजावूरच्या गणेशकुमारांना विकून टाकली.

गणेशकुमार विमा कचेरीत होते. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. त्यांच्या आई वेंकूबाई दर शुक्रवारी निखाऱ्यांवर सांब्राणी घालून देवघरात धूप करत आणि तेच धुपाटणं गाडीतही फिरवून आणत. त्या सुगंधी राळेचा वास गाद्यांत मुरून बसे. मलाही तो आवडे. पुढे त्यानेच घात केला.

झालं असं, की बॉनेटच्या मागच्या कडेची रबरी पट्टी वाळून तुटली. इंजिनाकडची हवा माझ्याकडे येऊ नये म्हणून ती असते. "उगीच लोंबते," म्हणत गणेशकुमारांनी ती उपटून फेकली. नंतर सायलेन्सरच्या नळीचा इंजिनाजवळचा सांधा फुटला. तिकडचा मोठा पाऊस कार्तिकात; त्या पावसात काचेवर वाफ धरली की ते माझा पंखा लावत आणि माझ्या तोंडून धुराचा वास येई. मला वाचा नाही, मित्रांनो. वास हीच माझी वाचा. मी जीव तोडून सांगत होतो.

"कसला वास हो हा?" त्यांच्या पत्नी कविता विचारत.

"अम्माची सांब्राणी. आणिक काय?"

विषय तिथेच संपे.

डिसेंबरच्या सुट्टीत सगळे कोडैकानलला निघाले. घाटात दाट धुकं उतरलं. वेंकूबाई पुढे बसल्या होत्या, मांडीवर चिमुरडी नात हरिणी. पोरीचे पाय गारठले म्हणून गणेशकुमारांनी काचा गच्च लावल्या आणि तंजावुरात कधीच हात न लावलेली माझी कढत पाणी सोडायची मूठ पूर्ण फिरवली. इतक्या काळाने मला माझं काम मिळालं आणि मला ते नको होतं. मी ऊब दिली. तिच्यासोबत इंजिनाचा विषारी धूरही दिला, थेट त्या पोरीच्या अंगावर.

हरिणीची बडबड मंदावली, मग थांबली. मागे कविता डोकं धरून बसल्या होत्या.

"घाटाची वळणं लागली तुला," गणेशकुमार म्हणाले. "पोर झोपली, बरं झालं. अम्मा, तुझी सांब्राणी काय घमघमते बघ!" आणि त्यांनी मोठी जांभई दिली.

वेंकूबाईंचंही डोकं जड झालं होतं. डोळे मिटता मिटता त्या थांबल्या.

"सांब्राणी?" त्या पुटपुटल्या. "ओरत्तनाडुचे आपले भाऊबंद वेंकटराव वारले की. सुतक होतें आपल्याला, कालच फिटलें. सांब्राणी घातलेंच नाहीं मी!" त्यांनी हरिणीला हलवलं. पोरीची मान लुळी पडली. "गणेशा, गाडी थांबव! अस्क्या काचा, सगळ्याच्या सगळ्या उघड!"

रस्त्याच्या कडेला त्यांनी पोरीला गार हवेत धरलं. वेंकूबाई तिचे गाल चोळत "कण्णू, कण्णू" एवढंच म्हणत होत्या. मला वाटलं, संपलं सगळं. मग हरिणी भडभडून ओकली आणि मोठ्याने रडू लागली. त्या रडण्याइतकं गोड मी काही ऐकलेलं नाही.

काचा उघड्या टाकून, कुडकुडत त्यांनी दवाखाना गाठला. पोर वाचली. गॅरेजात बॉनेट उघडल्यावर फुटक्या सांध्याभोवतीची काळी काजळी सगळ्यांनाच दिसली. सांध्यात धूर अडवणारी नवी गॅस्केट बसली, कडेला नवी रबरी पट्टी लागली आणि वास गेला. पण वेंकूबाई त्या गाडीत पुन्हा बसायला तयार होईनात. शेवटी गाडीसकट मला पापनाशमच्या एका भातव्यापाऱ्यांनी विकत नेलं.

म्हणून विनवतो, मित्रांनो, गाडीत वास आला तर त्याच्यावर दुसरा वास घालू नका. काचा उघडा, खाली उतरा आणि तो कुठून येतो ते शोधा.

माझी रबरी पट्टी आता पुन्हा वाळली आहे. सांधाही सैल झाला आहे. नव्या मालकांना नुकताच नातू झालाय आणि थंडीत सगळे उटीला जाणार आहेत. माझ्या तोंडापुढे त्यांनी अत्तराची एक छोटी बाटली चिकटवली आहे. काल पंखा लागताच मी होता नव्हता तेवढा धुराचा वास सोडला.

त्यांनी बाटलीचं झाकण थोडं आणखी उघडलं.