एकच बांगडी

लाकूड दिसलं की ठोक्या त्यावर बोटाने ठोकून बघणारच. दरवाजा, टेबल, बाजारातलं कलिंगड, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडचं कपाटसुद्धा. डॉक्टर आतून "या, या" म्हणाले होते. ताईने लहानपणीच त्याचं नाव ठोक्या पाडलं, ते तिशीतही सुटलं नव्हतं.

बाबांचा फर्निचरचा कारखाना होता. त्याच्या मागच्या खोलीत ठोक्या गिटारी बनवायचा. शिकवायला कुणी नव्हतं. व्हिडिओ बघून, मोडक्या गिटारी उघडून आणि गिटारीची पाच-सहा खोकी वाया घालवून तो शिकला. पुढच्या खोलीत पलंग आणि कपाटं, तिथे ताईचं राज्य. बाबा दोन्हीकडे. म्हणजे खरं सांगायचं तर कुठेच नाही. चाळीस वर्षं त्यांनी पलंगांच्या उशाकडच्या फळ्यांवर वेली कोरल्या. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला आणि पटाशी सुटली. तेव्हापासून ते दिवसभर इतरांच्या कामात नाक खुपसत फिरायचे. सगळ्यात जास्त ठोक्याच्या.

"बोडकी आहे तुझी गिटार," ते म्हणायचे.

"बाबा, ती वाजवायची वस्तू आहे."

"मग काय झालं? पलंग झोपायची वस्तू आहे. आपण वेल काढत होतोच की."

"पलंगाला आवाज नसतो."

"तुझ्या आत्याचा पलंग ऐकलास कधी?"

पुढच्या खोलीतून ताईचं खिदळणं ऐकू यायचं. ठोक्या दात-ओठ खात कानस उचलायचा.

ही गिटार मात्र वेगळी होती. गिटार शिकवणाऱ्या बाई स्वतः आल्या होत्या. स्टेजवर वाजवणाऱ्या बाई. आजवर ठोक्याच्या गिटारी मित्रांनी घेतल्या होत्या, नाहीतर मित्रांच्या मित्रांनी. खऱ्या वाजवणाऱ्याने एकदा तरी आपली गिटार घेऊन स्टेजवर बसावं, एवढंच त्याला हवं होतं. बाईंनी सांगितलं होतं, "मला नक्षी नको, शिंपले जडवायला नकोत. आवाज दे."

ठोक्याला असं वाटलं, की कुणीतरी आपल्या बाजूने साक्ष दिली.

त्याच आठवड्यात बाबांनी पलंगाखालून एक लाकूड काढलं. हातभर लांब, गडद लाल. तीस वर्षांपूर्वी एका मोठ्या दरवाजाच्या कामातून उरलेलं. फडक्यात गुंडाळून ठेवलेलं.

"ह्याची वेल कर."

"नाही."

"कोपऱ्यात चार फुलं?"

"नाही."

"भोकाभोवती तरी? तिथे तर सगळेच करतात ना?"

ते खरं होतं. गिटारीच्या मधल्या भोकाभोवती गोल पट्टी बसवतात, अगदी साध्या गिटारीलाही. ठोक्या दोन बारीक काळ्या रेघा मारणार होता. पण बाबा ते लाकूड दोन्ही हातांत धरून उभे होते आणि लाकूड थरथरत होतं.

"एक बांगडी," ठोक्या म्हणाला. "एकच. वेल नाही."

"दोन..."

"एक."

मग तीन दिवस दोघं शेजारी बसले. लाल आणि काळ्या लाकडाचे नखाएवढे तुकडे, एकूण अठ्ठेचाळीस. बाबा रेषा बघून तुकडा निवडायचे, ठोक्या कापून चिकटवायचा. प्रत्येक तुकड्याला बाबांचं मत होतं. एकतिसाव्या तुकड्यावर तर इतकं भांडण झालं की ताईने मधलं दार लावून घेतलं. पण बांगडी बसली, सपाट झाली, आणि ठोक्याला मनातल्या मनात कबूल करावं लागलं की ती झक्कास दिसते. तोंडाने तो म्हणाला, "बरी आहे."

पॉलिश लावायच्या आधीच तारा चढवून त्याने बाईंना बोलावलं. बोलता बोलता बाईंनी एक सूर छेडला. मग डोळे मिटून अर्धा तास वाजवत राहिल्या. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज होता, आणि तरी धारदार नाही.

"पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमाला हीच घेणार," त्या म्हणाल्या. "शनिवारी येऊन पुन्हा एकदा वाजवते, मग पॉलिश कर. तोवर आवाजाला हात लावू नकोस हं."

ठोक्या त्या दिवशी जेवताना ताटावर ठोकत होता. आईने दोनदा रागावून सांगितलं तेव्हा थांबला.

गुरुवारी तो तारा काढून सरस आणायला बाजारात गेला. परत आला तर बाबा गिटारीपाशी उभे. हातात फडकं. खोलीभर स्पिरिटचा वास.

"धूळ बसली होती," बाबा म्हणाले.

कपाटावरची धूळ अशीच पुसायची असते. स्पिरिट मारलं की धूळ जाते, रंग उठून दिसतो. बाबांनी आयुष्यभर हेच केलं होतं. पण लाल लाकडाचा रंग स्पिरिटमध्ये सुटतो, आणि शेजारी होती गिटारीची वरची पाटी, पांढरीफटक, टिपकागदासारखी रंग पिणारी. बांगडीपासून खालपर्यंत गुलाबी ओघळ पसरला होता.

ठोक्याने तोंड उघडलं. सगळं एकदमच बाहेर आलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणी सांगितलं होतं हात लावायला? म्हणून मला ते लाल लाकूड नको होतं! दोन काळ्या रेघा मारणार होतो मी, दोन!"

बाबांनी फडक्याची घडी घातली. पुन्हा उलगडली. "निघेल रे. थोडं तासलं की निघेल."

"तासायचं नाहीये! ती पाटी आहे तेवढीच जाड हवी. एक पापुद्रा कमी झाला तरी आवाज ढिला पडतो. बाबा, समजतंय का तुम्हाला?"

"समजतंय," बाबा म्हणाले आणि पुढच्या खोलीत जाऊन एका न विकलेल्या पलंगावर बसले.

ताई दारात आली. "ओरडून डाग गेला का?"

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. तू आख्ख्या गल्लीला ऐकवलंस."

ठोक्या खूप वेळ डागाकडे बघत बसला. शेवटी त्याने ठरवलं. डाग राहू दे. बाईंना आवाज हवाय. त्यांना सरळ सांगायचं, डाग पडलाय, आवाज तोच आहे. त्या समजून घेतील. हे ठरवून तो घरी गेला खरा, पण बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे, त्याने सांगितलं नाही. राग होता.

शुक्रवारी सकाळी तो कारखान्यात आला तेव्हा बाबा आधीच आत होते. टेबलावर गिटार. खाली कागदाहून पातळ पांढऱ्या कुरळ्या सालींचा ढीग.

डाग नव्हता.

कुठेच नव्हता. पाटी आरशासारखी सपाट, कुठे ओरखडा नाही, कड मोडलेली नाही, आणि मध्ये ती बांगडी.

"बघ," बाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा होता जसा ठोक्याने दोन वर्षांत बघितला नव्हता. "तासायचं पातं दोन्ही हातांनी धरायचं असतं ना, अंगठे टेकवून. हात हलतच नाही रे! मला सुचलंच नव्हतं इतके दिवस. पटाशी नाही जमत, पण पातं जमतं."

"नुसत्या डागावरूनच फिरवलंत?" ठोक्याने विचारलं.

"खुळा का काय? तेवढ्यावरूनच फिरवलं असतं तर खड्डा दिसला असता. सगळीकडून सारखं घेतलं. पहाटेपासून लागलोय."

सुताराच्या हिशेबाने अगदी बरोबर होतं ते. ठोक्याने बोट वाकवून पाटीवर ठोकलं. परवापर्यंत ती टणत्कार द्यायची. आता दप् म्हणाली. ओल्या खोक्यासारखी.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

ठोक्याने बाबांच्या हातांकडे बघितलं. ते पुन्हा थरथरत होते, पण बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"साफ झालंय," तो म्हणाला. "एकदम साफ."

मग तो मागच्या अंगणात गेला आणि त्याने रिकाम्या डब्याला अशी लाथ घातली की डबा भिंतीवर आपटून परत त्याच्याच नडगीवर आला.

शनिवारी बाई आल्या. आदल्या दिवशी त्याने तीन प्रकारच्या तारा लावून बघितल्या होत्या, तारांखालची हाडाची पट्टी बदलली होती. काहीही फरक पडला नव्हता. बाईंनी पाटीवरून हात फिरवला, बांगडीचं कौतुक केलं. बाबा स्टुलावर ताठ बसले होते. मग बाईंनी वाजवलं.

या वेळी डोळे मिटले नाहीत. पाचेक मिनिटांनी त्यांनी तळवा ठेवून तारा थांबवल्या.

"अरे, ही तीच आहे का?"

"तीच आहे."

"मऊ झालीय. घरात बसून वाजवायला गोड आहे. पण स्टेजवर..." त्यांनी मान हलवली. "दुसऱ्या रांगेतच विरून जाईल रे. काय केलंस?"

ताई दारात येऊन उभी होती. तिने आधी बाबांकडे बघितलं, मग ठोक्याकडे. डोळ्यांनीच म्हणाली, बोल आता.

"माझाच अंदाज चुकला," ठोक्या म्हणाला. "शेवटचा हात मारताना पाटी पातळ झाली. जास्त घेतलं गेलं."

"आवाजाला हात लावू नकोस म्हटलं होतं मी."

"हो, बाई."

बाईंनी गिटार जपून टेबलावर ठेवली. कार्यक्रमाला आपली जुनीच घेईन म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन वळल्या. "दुसरी करशील तेव्हा फोन कर. मी येईन. पहिल्या दिवशीचा आवाज माझ्या कानात आहे अजून."

त्या गेल्या. ठोक्या टेबलाला टेकून उभा राहिला. बाबा स्टुलावरून उठले, जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तरी मी म्हणत होतो," ते म्हणाले, "तू पहिल्यापासूनच पातळ ठेवतोस."

ताईला ठसका लागला. ती तोंड दाबून पुढच्या खोलीत पळाली. ठोक्याने डोळे मिटले आणि मनात वीसपर्यंत आकडे म्हटले. मग परत एकपासून म्हटले.

"पुढच्या वेळी जाड ठेवेन, बाबा."

"आणि ते स्पिरिट मारलं मी, ते चुकलंच माझं," बाबा म्हणाले. "पण डाग काढला की नाही?"

"काढलात."

सोमवारी त्याने नवीन पाटी टेबलावर घेतली. अजून सुटी, खोक्याला न चिकटवलेली, जाडजूड. बाबा दारात आले. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं लाल लाकूड.

"ह्या वेळी वेल?"

"बांगडी. आणि बसवायच्या आधी तिला सगळ्या बाजूंनी लाखेचा हात देणार. आणि स्पिरिटची बाटली ताईच्या कपाटात, कुलपात."

"बरं, बरं. ओरडू नकोस."

ठोक्याने थोडा वेळ पाटी बोटाने ठोकली. मग खणातून पातं काढून बाबांपुढे धरलं. "ही उतरवायचीय. पावणेतीन मिलिमीटरपर्यंत. दर दहा हातांनी थांबायचं, मी कॅलिपर लावून जाडी मोजणार. मी 'बस' म्हटलं की बस."

"कॅलिपर कशाला? माझ्या हाताला कळतं."

"मला मोजायचंय."

बाबांनी अंगठे टेकवले, कमरेतून वाकले आणि पातं ओढलं. साल कुरळी होऊन खाली पडली. दहा हात. मोजलं. पुन्हा दहा. मोजलं. एकदा सहाव्या हातालाच बाबा थांबले आणि पातं खाली ठेवलं.

"झाली."

"अजून चार हात राहिलेत."

"झाली म्हणतोय ना."

ठोक्याने पाच ठिकाणी कॅलिपर लावलं. पाचही ठिकाणी पावणेतीन. त्याला इतका राग आला की त्याने सहाव्या ठिकाणीही लावून बघितलं.