फायर बंद

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात; मी रायफल धरली. महिनाभरात हौस फिटेल, असा बायकोचा अंदाज होता. त्याला सहा वर्षं झाली. दर रविवारी सकाळी मी पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडतो आणि कागदाने अजून एकदाही तक्रार केलेली नाही.

आमच्या रेंजवर कोचची शिस्त कडक. पाच गोळ्या झाडायच्या, तो ‘फायर बंद’ ओरडला की रायफल उघडी करून खाली ठेवायची आणि सगळ्यांनी आपापला कागद बघायला जायचं. हात थांबले की माझे पाय आपोआप उठतात.

मेहुणा दातांचा डॉक्टर. रेंजवर माझ्याच शेजारी बसतो. रानडुकरांनी आसपासची शेतं उकरून ठेवली होती, त्यांना मारायचा परवाना त्याने मिळवला आणि मला म्हणाला, भाऊजी, कागदावरचा पराक्रम पुरे झाला. डुकरांनी माझं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण नाही म्हटलं असतं तर उरलेल्या आयुष्यातल्या प्रत्येक पंगतीत जेवणाबरोबर माझी चेष्टा वाढली गेली असती. म्हणून गेलो. मारायचं नाही आणि भित्राही ठरायचं नाही, यासाठी एक सोय केली होती: नेम मुद्दाम चुकवायचा.

त्याने मला एका पडलेल्या झाडामागे बसवलं, स्वतः डावीकडे शंभरेक पावलांवरच्या उंचवट्यावर गेला. मी सांगेपर्यंत जागा सोडायची नाही, असं त्याने पेशंटला बजावावं तसं बजावलं.

तासाभराने डुक्कर आलं. एक कान फाटलेला. समोरच्या रोपट्याला पाठ घासत ते इतकं निवांत उभं राहिलं की मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. मी वीतभर उजवीकडे नेम धरला आणि गोळी झाडली. डुक्कर गवतात घुसलं. पाठोपाठ काहीतरी किंचाळलं.

लागली की काय? मी रायफल उघडली, खोडावर नीट ठेवली आणि कागद बघायला निघालो.

गवत डोक्याच्या वर होतं. वीस पावलं आत गेल्यावर ध्यानात आलं की आज कोच ओरडलेलाच नाही.

मी थांबलो. माझ्याबरोबर हलणारं गवतही थांबलं. डावीकडे रायफलचा बोल्ट सरकल्याचा आवाज झाला. मेहुण्याची पद्धत मला पाठ आहे: श्वास घेतो, अर्धा सोडतो, मनात तीन आकडे मोजतो. मी ओरडायला तोंड उघडलं. त्यातून जो आवाज निघाला तो डुकराने आपला म्हणून ओळखला असता. एक झाला असेल. मी मागे सरकलो, गवत पुन्हा सळसळलं. दोन. मग कुठून कोण जाणे, कोचचा आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला.

“फायर बंद!”

काहीच झालं नाही. मग बोल्ट उघडला आणि एक न झाडलेली गोळी दगडावर टणकन पडली.

मेहुणा आला तेव्हा त्याच्या ओठांना रंग नव्हता. आम्ही झाडाच्या खोडावर बसलो. रक्त कुठेच नव्हतं. रोपट्याच्या उजवीकडे, नेम धरला होता तिथेच, मातीच्या ढिगाऱ्यात माझं भोक होतं.

“ट्रिगर किती दाबला होतास?” मी विचारलं.

“भाऊजी, ते विचारू नका.” मग म्हणाला, “तुमचा तो पहिला आवाज ऐकला आणि माझी खात्रीच पटली होती.”

घरी बायकोने विचारलं, काय मिळालं? मेहुणा म्हणाला, काही नाही. सहा वर्षं कागद फाडून काय शिकलात, म्हणून ती दोघांना हसली. एरवी तो बहिणीला उलट बोलल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी त्याने नुसतं पाणी मागितलं.

रविवारी आम्ही अजून जातो. कोच ‘फायर बंद’ ओरडतो, सगळे उठून चालू लागतात. आम्ही दोघं बसून राहतो. आमचे कागद कोचच आणून देतो. म्हातारपण, असं त्याला वाटतं.